खासगी शाळांतील मुलांची आरोग्य तपासणी सरकारी खर्चाने व्हावी का?

हा प्रश्न निघाला की चर्चा फार लवकर शाळांच्या शुल्काकडे वळते. जी शाळा पालकांकडून एवढे शुल्क घेते तिला सरकारने आणखी काय म्हणून द्यायचे, असे एक बाजू विचारते. आम्हीही कर भरतो, मग आमच्या मुलांनी काय घोडे मारले, असे दुसरी बाजू विचारते. माझ्या मते दोघेही संस्थेचा हिशेब मांडत बसतात आणि ज्या मुलाचे डोळे, कान, दात किंवा हिमोग्लोबिन तपासायचे आहे ते मूल बाजूलाच राहते. माझे मत आरंभीच सांगतो: शालेय वयातील प्रत्येक मुलाची प्राथमिक आरोग्य तपासणी सार्वजनिक खर्चाने व्हावी, ती सरकारी पथकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावी, आणि त्यापोटी एक पैसाही खासगी शाळेच्या खात्यात जमा होऊ नये.

सरकारी आणि खासगी शाळा यांच्यात तपासणीच्या बाबतीत जी भिंत दिसते, ती कोणी वैद्यकीय विचार करून बांधलेली नाही. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने शालेय मुलांची वैद्यकीय तपासणी करण्याची जबाबदारी स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर टाकली, ती सार्वजनिक प्राथमिक शाळांपुरती. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांपैकी अनेक जण शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरल्याने तेथे मोठी चिंता निर्माण झाली होती, १९०४ साली त्यासंबंधीच्या समितीचा अहवाल आला होता, आणि श्रमिकांची मुले ज्या शाळांत जात त्या शाळा सरकारच्या हाताशी होत्या. जेथे हात सहज पोहोचतो तेथून आरंभ करणे त्या काळी शहाणपणाचेच होते. पुढे मात्र सोयीसाठी आखलेली ती मर्यादा जणू तत्त्वच आहे, अशा थाटात अनेक देशांच्या योजनांमध्ये राहून गेली.

भारतातील उदाहरण याच प्रकारचे आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मदोष, आजार, पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब शोधण्याची व्यवस्था आहे. फिरती पथके अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि शाळांमध्ये एकदा जातील, असे तिचे स्वरूप ठरले. परंतु मूळ आराखड्यात शाळा म्हणजे सरकारी आणि अनुदानित शाळा. विनाअनुदानित शाळेतील मूल त्यात नाही. आता याच्या शेजारी शिक्षण हक्क कायदा ठेवून पाहावा. २००९ च्या या कायद्यातील कलम १२(१)(क) नुसार दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वेळी किमान २५ टक्के जागा राखल्या जातात आणि त्यांच्या शिक्षणखर्चाची प्रतिपूर्ती सरकार करते. म्हणजे जे मूल अंगणवाडीत असताना पथकाच्या यादीत होते, तेच मूल सरकारने स्वतः खासगी शाळेत बसवल्यावर यादीतून गळू शकते. त्याच्या घरची परिस्थिती बदललेली नसते, आजाराचा धोका कमी झालेला नसतो. बदललेले असते ते फक्त शाळेच्या फाटकावरचे नाव. या एका विसंगतीवर समाधानकारक उत्तर मला आजवर कोणाकडून मिळालेले नाही.

सरकार खासगी शाळेत पाऊलच ठेवत नाही, असेही नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयोगटाला दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी खासगी शाळांतही पोहोचते. २०१७ साली सुरू झालेल्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेत नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलांना लस देताना शाळा कोणाची आहे, हे पाहिले गेले नाही, कारण विषाणू शुल्काची पावती तपासत नाही. संसर्गजन्य रोगाच्या बाबतीत सर्वांना हे लगेच पटते. एका वर्गातील मुलामुळे दुसऱ्या वर्गातील मूल आजारी पडते, तेव्हा सार्वजनिक खर्चाचे समर्थन करायला फार बोलावे लागत नाही.

खरा वाद उरतो तो न पसरणाऱ्या दोषांबद्दल. एखाद्या मुलाला दूरचे दिसत नसेल तर शेजारच्या बाकावरील मुलाचे काय बिघडते? येथे विरोधकांचा मुद्दा असा की हे पालकांचे काम आहे आणि खासगी शाळेतील पालकांना ते परवडते. त्यांतील परवडण्याचा भागही अर्धाच खरा आहे, कारण खासगी शाळा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी वातानुकूलित इमारत ही त्या जगाची एक कड आहे. दोन खोल्यांत भरणाऱ्या, कमी शुल्काच्या, पालकांनी पोटाला चिमटा काढून निवडलेल्या असंख्य शाळाही त्याच नावाखाली मोडतात. पण वादापुरते मान्य करू की सर्वांना परवडते. तरीही पैसा असणे आणि दोष वेळेत लक्षात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आळशी डोळ्याचा विकार घ्या. यात एक डोळा नीट पाहत असल्यामुळे मूल तक्रारच करत नाही. त्याला जग असेच दिसते, त्यामुळे काही कमी आहे हे कळण्यासाठी लागणारी तुलनाच त्याच्यापाशी नसते. पालकही सुशिक्षित असोत वा सधन, मूल धावते, वाचते, चित्रे रंगवते, हे पाहून निश्चिंत असतात. या विकारावरील उपचार साधारण सात वर्षांच्या आत सुरू झाले तर उत्तम गुण येतो आणि वय वाढत जाते तसा तो कमी होत जातो. एक डोळा झाकून तक्त्यावरील चिन्हे ओळखायला लावणे, एवढ्या साध्या तपासणीने अशा मुलाकडे लक्ष जाऊ शकते. कानांचेही असेच. सौम्य श्रवणदोष असलेले मूल पुष्कळदा बेफिकीर किंवा मंद समजले जाते, आणि हा गैरसमज महागड्या शाळेतही तितक्याच सहजतेने होतो. तक्रार घेऊन येणाऱ्याला उपचार देणे हे दवाखान्याचे काम आहे. ज्याला तक्रार आहे हेच ठाऊक नाही त्याच्यापर्यंत जाणे हे तपासणीचे काम आहे, आणि ते सर्वांना एका रांगेत उभे केल्याशिवाय साधत नाही.

शिवाय ही जागा सरकारने रिकामी सोडली की ती रिकामी राहत नाही. चष्म्याची दुकाने, दंतचिकित्सालये, खासगी रुग्णालये शाळांत मोफत शिबिरे भरवतात. सगळीच शिबिरे वाईट असतात असे मी म्हणणार नाही, पण जो तपासतो तोच पुढे उपचार विकतो, तेव्हा दोष जरा जास्तच सापडू लागतात, हे सांगायला संशोधनाची गरज नसावी.

सरकारी पैसा खासगी संस्थेत जाण्याचा जो आक्षेप आहे, त्याचा सर्वांत काटेकोर ऊहापोह मला अमेरिकेतील एका खटल्यात दिसतो. ओहायो राज्यातील खासगी शाळांना, ज्या बहुतांशी धार्मिक संस्थांच्या होत्या, राज्याने दिलेल्या विविध सहाय्याचा प्रश्न १९७७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे वोल्मन विरुद्ध वॉल्टर या खटल्यात आला. धर्मसंस्था आणि शासन यांच्यातील अंतराबाबत अतिशय दक्ष असलेल्या त्या न्यायालयाने शैक्षणिक साहित्य उसने देणे आणि सहलींचा खर्च नामंजूर केला. मात्र वाचा, श्रवण आणि मानसशास्त्रीय निदानाच्या सेवा सार्वजनिक कर्मचाऱ्यांनी त्या शाळांच्या आवारात देण्यास मान्यता दिली. निदान करणाऱ्याचा मुलाशी येणारा संबंध मर्यादित असतो आणि त्यातून शाळेच्या शिकवणुकीला हातभार लागत नाही, असा त्यामागचा विचार होता. उपचारात्मक सेवांना मात्र त्या आवाराबाहेर दिल्या जाण्याच्या अटीवरच मान्यता मिळाली. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा भेद उपयोगी आहे. पथक येते, तपासते, चिठ्ठी देते आणि निघून जाते. शाळेच्या तिजोरीत किंवा तिच्या अध्यापनात काहीच भर पडत नाही.

यावर जो आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो, तो पैशांचा नसून मनुष्यबळाचा आहे. पथके मोजकी असतात. ज्या सरकारी शाळांत ती आजही वेळेवर पोहोचत नाहीत, त्यांच्या वाट्याचे दिवस कापून ती खासगी शाळांत पाठवणे अन्यायाचे होईल, आणि तसे होणार असेल तर खासगी शाळांनी थांबावे, असेच मी म्हणेन. पण उपाय केवळ पथके वाढवण्यातच नाही. तपासण्या कमी करण्यातही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार ज्या रोगावर मान्य उपचार आहे, निदान आणि उपचाराची सोय उपलब्ध आहे आणि ज्याची तपासणी लोकांना स्वीकारार्ह आहे, अशाच रोगासाठी सरसकट तपासणी योग्य ठरते. शाळांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या सगळ्या तपासण्या या कसोटीला उतरत नाहीत. किशोरवयीन मुलांच्या पाठीच्या कण्याचा बाक सरसकट तपासावा की नाही, याबाबत पुरावा अपुरा आहे, असे अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ साली म्हटले. दृष्टी, श्रवण, दात, वाढ आणि रक्तक्षय एवढ्यांवर, तीही ठरावीक वयांत, लक्ष केंद्रित केले आणि दृष्टीची पहिली चाचणी प्रशिक्षित शिक्षकांकडे सोपवली, तर पथकाला प्रत्येक मूल पाहण्याऐवजी त्यातून निवडलेलीच मुले पाहावी लागतील. मग शाळेच्या प्रकारावरून रांग लावण्याऐवजी वयावरून लावता येईल: सहा वर्षांचे मूल आधी, मग ते कोणत्याही शाळेतले असो.

खासगी शाळांकडून अपेक्षाही तितक्याच स्पष्ट हव्यात. पटावरील मुलांची पूर्ण यादी, एक शांत खोली, पालकांची लेखी संमती आणि समन्वयासाठी एक शिक्षक त्यांनी द्यावा. मुलांचे निष्कर्ष शाळेला कळावेत ते वर्गात पुढे बसवण्यापुरते. प्रवेश, जाहिरात किंवा शुल्कवाढीच्या समर्थनासाठी नव्हे. सरकारी तपासणीची सोय ‘आमच्या शाळेची खास सुविधा’ म्हणून माहितीपत्रकात छापली जाण्याची शक्यता मला दिसते, आणि तिला नियमातच मज्जाव असावा. भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळांकडून पथकाचा खर्च वसूल करावा, असे कोणी म्हटले तर माझी हरकत नाही, मात्र तपासणारा माणूस शाळेने नेमलेला नसावा. जपानमध्ये १९५८ च्या कायद्यापासून वार्षिक आरोग्य तपासणी हे शाळेचेच कर्तव्य मानले गेले आहे, खासगी शाळांचेही. ती वाटही विचारात घेण्यासारखी आहे, परंतु तिला प्रत्येक शाळेशी जोडलेल्या डॉक्टरांची जुनी, रुळलेली व्यवस्था लागते, आणि ती नसताना केवळ कर्तव्य कायद्यात लिहिले तर कागद भरले जातील, मुले तपासली जाणार नाहीत.

राहता राहिला नोंदींचा प्रश्न, जो मला सर्वांत दुर्लक्षित वाटतो. मुले शाळा बदलतात, सरकारीतून खासगीत आणि शुल्क थकले की खासगीतून सरकारीतही. आज नोंद शाळेच्या कपाटात राहते आणि मूल पुढे निघून जाते. मग पहिलीत लिहून दिलेला चष्मा तिसरीत नवीन शाळेत कोणाला ठाऊकच नसतो. नोंद मुलाच्या नावे आणि पालकांच्या ताब्यात असावी, तिची प्रत आरोग्य खात्याकडे असावी, आणि चिठ्ठी दिलेल्या मुलांपैकी किती जण प्रत्यक्ष उपचारापर्यंत पोहोचले याचा आकडा दरवर्षी सरकारी आणि खासगी शाळांसाठी वेगवेगळा जाहीर व्हावा. खासगी शाळांतील मुले स्वतःहूनच उपचार मिळवतात, हे विरोधकांचे म्हणणे त्या आकड्यांत खरे ठरले, तर त्या शाळांतील फेऱ्या कमी करण्यास मी आनंदाने पाठिंबा देईन.