शेरूच्या नावानं बोंबील

आमच्या सोसायटीत मासे खायला लेखी बंदी नाही. पण तव्यावर सुका बोंबील पडला रे पडला की समोरच्या काकू दार उघडून विचारतात, "ड्रेनेज तुंबलंय का हो?" आई माहेरची अलिबागची. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद, म्हणून मे संपायच्या आत ती आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरते: सोडे, जवळा, सुके बोंबील. आणि काकूंच्या धाकानं आम्ही पावसाळाभर डब्यांची झाकणं उघडून नुसता वास घेतो.

यातून सुटका केली आमच्या कुत्र्यानं, शेरूनं. त्याला खाज सुटली, केस गळायला लागले. सोफा आहे की शेरू, हे हात लावल्याशिवाय कळेना. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "ओमेगा-३ चांगलं त्वचेला. मासे देऊन बघा. सुकेही चालतील, पण बेताने."

मी दुकानातून कुत्र्यांसाठीच्या सुक्या माशांचं पाकीट आणलं. चकचकीत, वर बर्फाचे डोंगर आणि 'शंभर टक्के नैसर्गिक'. किंमत बघून बायकोनं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली. आईनं आतला एक मासा उजेडात धरला.

"अरे, ही तर मांदेली! एवढ्या पैशांत टोपलीभर आली असती. वर कोळणीनं मूठभर जवळा घातला असता, तो वेगळा."

तेव्हापासून शेरूचं खातं आईकडे. मीठ वर्ज्य, म्हणून खारा बांगडा बाद. बोंबलाचं बरं असतं. जबड्यात जबडा अडकवून, जोड्या जोड्यांनी वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टांगतात आणि नुसत्या उन्हावर वाळवतात. तरी आई प्रत्येक बोंबलाचा कोपरा आधी स्वतः चावून बघते. "खारट निघाला तर बिचाऱ्याला त्रास नको." हे चावून बघणं कधी कधी शेपटीपर्यंत जातं.

मग डोकं-शेपटी छाटायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि तेल न घालता मंद आचेवर परतायचे. तुकडा कडा मुडपून तांबूस होईपर्यंत शेरू ओट्याखाली ध्यान लावून बसलेला असतो. तोंडातून लाळेची तार थेट फरशीपर्यंत. पूर्वी ज्या कोरड्या खाण्यावर तुटून पडायचा, त्या वाडग्याकडे आता तो जावई पहिल्या दिवाळसणाला शिळ्या पोळीकडे बघेल तसा बघतो.

पहिल्याच दिवशी बेल वाजली. काकू.

"ड्रेनेज..."

"शेरूचं औषध आहे," आई म्हणाली.

काकूंचा चेहरा पालटला. "अगं बाई, मुकं जनावर! करा, करा."

बस्स. माणसांनी खाल्लं की घाण वास, कुत्र्यानं खाल्लं की उपचार! मग उपचारात कुचराई कशी करायची? शेरूला कांदा-लसूण अपायकारक, त्यामुळे बोंबलाची चटणी ठेचली की ती निमूटपणे आम्हालाच संपवावी लागते. त्याला तिखट नको, म्हणून कालवणही आमच्याच गळ्यात. सोड्यांची खिचडी तर डॉक्टरांनी त्याला सांगितलीच नव्हती, मग ती आणखी कोण खाणार? शेरूला मिळतात मोजके तुकडे, पण जिन्यात पसरलेल्या वासावर जाल तर तो रोज अर्धा किलो बोंबील रिचवतो. सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये काळजीनं विचारतात, "अजून चालूच आहे का हो ट्रीटमेंट?" मी जड चेहऱ्यानं मान हलवतो. बोंबलाची ढेकर दाबून धरल्यामुळे चेहरा आपोआप जड होतो.

केस गळायचे मात्र थोडे कमी झालेत. बोंबलामुळे की डॉक्टरांनी सोबत दिलेल्या गोळ्यांमुळे, याची चौकशी घरात कुणी करत नाही.

परवा दुपारी काकू पुन्हा दारात. या खेपेला ड्रेनेजचं नाव नाही. पदराखाली छोटा स्टीलचा डबा.

"नाही म्हणजे, आमच्याकडे कुत्रा नाही," त्या जिन्याकडे बघत पुटपुटल्या, "पण ह्यांचेही केस फार गळतायत हो."