दर्जा वाढला म्हणून गिऱ्हाईक वाढते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातून आलेली आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तिचा आशय आधी थोडक्यात सांगतो. ध्वनीचा दर्जा सुधारल्याने डिजिटल गाणी विकत घेणाऱ्यांची संख्या फारशी वाढणार नाही, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, लोकांना आजवर पिळून काढलेली, कळाहीन एमपीथ्रीच ऐकवली गेली म्हणून ते विकत घेत नाहीत. मूळ ध्वनिमुद्रणाच्या तोडीची फाइल रास्त दरात मिळाली तर दर्दी माणूस आनंदाने पैसे मोजेल. आणि सुळेभावीसारख्या गावात कुमार गंधर्व जन्मले त्या बेळगाव जिल्ह्यातील श्रोत्यांना दर्जाची पर्वा नाही असे सुचवणे हा त्यांचा अपमान आहे.

शेवटचा आरोप आधी निकालात काढतो. इथल्या श्रोत्याला कान नाही असे मी लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. चांगले ऐकू येणे वेगळे आणि त्यासाठी खिशात हात घालणे वेगळे, एवढाच माझा मुद्दा होता आणि तो मी सोडलेला नाही.

आपल्या प्रतिक्रियेतील सर्वांत वजनदार दाखला २००७ सालचा आहे. ॲपलचे आयट्यून्स स्टोअर हे गाण्यांचे दुकान २००३ मध्ये सुरू झाले तेव्हा १२८ केबीपीएसचे गाणे ९९ सेंटला मिळे (केबीपीएस म्हणजे बिटरेट, गाण्याच्या दर सेकंदासाठी साठवलेली माहिती; ती जितकी जास्त तितका ध्वनी मुळाच्या जवळ). मे २००७ पासून ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीची गाणी २५६ केबीपीएसमध्ये, १ डॉलर २९ सेंटला मिळू लागली आणि लोकांनी ती घेतली, तेव्हा दर्जासाठी जास्त पैसे देणारे गिऱ्हाईक असते हे सिद्ध झाले, असे आपण लिहिता. मात्र त्या फाइलवरचे कुलूपही त्याच वेळी काढून टाकले होते, याचा उल्लेख आपण केलेला नाही. जुन्या फाइलला वाजण्यासाठी ॲपलची परवानगी लागत असे, नवी फाइल कुठेही न्यावी आणि कशावरही वाजवावी. ज्याने ३० सेंट जास्त दिले त्याने ते दुप्पट बिटरेटसाठी दिले की या मोकळिकीसाठी, हे त्या विक्रीवरून ठरवता येत नाही.

म्हणून जिथे ध्वनीचा दर्जा हेच विक्रीचे मुख्य भांडवल होते अशी उदाहरणे पाहावी लागतात, आणि ती आपल्या बाजूची नाहीत. १९९९ मध्ये एसएसीडी आली, पुढच्या वर्षी डीव्हीडी-ऑडिओ आली; दोन्ही उच्च दर्जाच्या ध्वनीच्या तबकड्या. दोन्हींच्या ध्वनीची मोजमापे सीडीपेक्षा सरस होती. पण इंटरनेटवरून गाण्यांची फुकट देवाणघेवाण करू देणारे नॅपस्टरही १९९९ चेच, आणि तिथल्या फुकटच्या, बऱ्याचदा खराब एमपीथ्रीकडे जग कसे धावले ते आपण दोघांनीही पाहिलेले आहे. नील यंग या गायकाने २०१४ मध्ये ‘पोनो’ या ३९९ डॉलरच्या उच्च दर्जाच्या प्लेअरसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. दर्दी लोक असतात आणि ते पैसेही काढून देतात, हे त्यातून दिसले. पण २०१७ पर्यंत त्या साऱ्याचा गाशा गुंडाळला गेला, कारण दर्दी लोकांच्या पलीकडे कोणी आलेच नाही. ॲमेझॉनने २०१९ मध्ये उच्च दर्जाच्या संगीतासाठी वेगळा, चढा दर लावून पाहिला. २०२१ मध्ये ॲपलने तोच दर्जा जादा आकार न घेता द्यायचे जाहीर केले आणि ॲमेझॉननेही आपला जादा आकार रद्द केला. जादा पैसे देणारे पुरेसे असते तर दोन बलाढ्य कंपन्यांनी अशी खैरात केली नसती, असे मला वाटते.

ही सगळी परदेशातील उदाहरणे झाली, असे आपण म्हणाल, तेव्हा आता घराकडे येऊ. आपल्या देशात संगीताचा बाजार खऱ्या अर्थाने फोफावला तो १९८० च्या दशकात, कॅसेटमुळे. कॅसेटचा ध्वनी एलपी तबकडीपेक्षा उणा होता, तिच्यात खरखर होती, फीत गुंतत असे आणि पेन्सिल घालून फिरवावी लागे; तरीही सीमाभागातील कित्येक घरांत भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि त्यांनीच गायिलेली कन्नड दासांची पदे एकाच फळीवर नांदत होती, ती कॅसेट स्वस्त होती आणि टेपरेकॉर्डर कुठेही नेता येत असे म्हणून. पुढे मोबाइल आला तेव्हा ज्या डिजिटल संगीतासाठी भारतीय माणसाने सर्वांत सढळ हाताने पैसे मोजले ती होती कॉलर ट्यून. महिना तीसेक रुपये आपसूक कापले जात, आणि ऐकू काय येई? टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. त्यात तबल्याचा बायाँ गायब, टाळांची किणकिण गायब, आणि हे सगळे आपल्याला ऐकू येण्यासाठी नसून समोरच्याला ऐकवण्यासाठी. याच्याइतका निकृष्ट ध्वनी कोणीच विकला नसेल आणि याच्याइतका खपही कोणाला लाभला नसेल. उलट फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाने गाण्यांचे दुकान उघडले तेव्हा आपण मागता ते बहुतेक सारे तिथे होते: कुलूप नाही, ३२० केबीपीएस, आणि दर ६ रुपयांपासून. जून २०१३ मध्ये ते बंद झाले. त्या काळात बेळगावच्या खडेबाजारातील मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेणाऱ्यांपैकी बिटरेट विचारणारा कोणी आपल्याला भेटला असेल तर मला त्याचे नाव ऐकायला आवडेल.

आता आपल्या म्हणण्यातील जो भाग मला पूर्ण मान्य आहे त्याकडे वळतो. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तंबोऱ्याची हानी होते, हे आपले निरीक्षण अचूक आहे. मिरजेच्या कारागिराने जवारी लावलेला, म्हणजे तार घोडीवर टेकते ती जागा घासून जुळवलेला, तंबोरा ऐकताना तारेच्या मूळ स्वरावर एकामागून एक उपस्वर उमलत जातात, आणि तो झणत्कार बराचसा वरच्या पट्ट्यात असतो. एमपीथ्रीचे तंत्र मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज वगळून जागा वाचवते. कमी बिटरेटवर बहुतेक एन्कोडर, म्हणजे फाइल दाबणारी सॉफ्टवेअर, सुमारे १६ हजार हर्ट्झच्या वरचे सरळ कापून टाकतात, आणि खालच्या उपस्वरांतही जे उरते ते पाण्याखालून आल्यासारखे डुचमळते. विलंबित ख्यालात गायक थांबला की हे विशेष बोचते. पण २५६ केबीपीएसच्या पुढे हा फरक झपाट्याने विरळ होत जातो, आणि सीडीच्या पुढे तर तो जवळजवळ नाहीसाच होतो. बोस्टनमधील ध्वनिप्रेमींना घेऊन मेयर आणि मोरान यांनी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, उच्च दर्जाचा ध्वनी आणि तोच सीडीच्या मोजमापात, म्हणजे १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झमध्ये, उतरवलेला ध्वनी यांतला फरक ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर ओळखला गेला. नाणे उडवूनही एवढेच जमले असते. त्यात आज बहुतेकांच्या कानात ब्लूटूथ असते, जे फाइल कितीही उत्तम असली तरी शेवटच्या टप्प्यावर ती पुन्हा दाबते.

आपण एलपीच्या पुनरागमनाकडे बोट दाखवता. २०२२ मध्ये अमेरिकेत एलपीचा खप सीडीच्या पुढे गेला, सुमारे ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख, हे खरे आहे. परंतु मोजमापाच्या दृष्टीने एलपी ही सीडीपेक्षा तोकडी आहे; तिच्यासोबत हातात येते ते वेष्टन, चित्र, मागचा मजकूर आणि ‘ही माझी’ ही भावना. फाइलला यांतले काहीच नसते, मग ती कितीही बिटांची असो.

माझ्या मते आपली खरी तक्रार फाइलच्या प्रकाराशी नसून ती कशावरून केली याच्याशी आहे. जुन्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या प्रत्यक्षात नेहमी ७८ च्याच गतीने मुद्रित झालेल्या नसत. ७४ च्या गतीने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली तर स्वर सुमारे साडेपाच टक्के चढतो, म्हणजे पेटीच्या काळी चार पट्टीत गायलेले पद पांढरी सहाच्या जवळ जाते, लय धावते आणि गवयाचा गळा पोरका वाटू लागतो. घरी पेटी असेल तर जुनी नाट्यपदे लावून पट्टी धरून पाहावी. काही वेळा ती कुठल्याच पट्टीत नीट बसत नाहीत. वर खरखर घालवण्याच्या नादात जवारी आणि श्वासही पुसले जातात. अशी फाइल सीडीच्याही वरच्या २४ बिटांच्या दर्जात विकणे म्हणजे फाटक्या लुगड्याला जरीचा काठ लावणे. कोणी गती तपासून, चांगल्या प्रतीवरून, साथीदारांची नावे, राग आणि मुद्रणाचे साल यांसह ही ध्वनिमुद्रणे विकली तर मी ती २५६ केबीपीएसमध्येसुद्धा घेईन, आणि आपणही घ्याल. मात्र आपल्यासारखे घेणारे बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी मिळून किती निघतील याबद्दल मी आशावादी नाही.

‘फरक मला हमखास कळतो’ असे आपण शेवटी लिहिले आहे. त्यासाठी एक विनंती आहे. सीडीच्या दर्जाच्या एकाच फाइलवरून २५६ केबीपीएसची प्रत तयार करावी, दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण किंचित मोठे वाजणारे नेहमी अधिक चांगले वाटते. आणि कोणती वाजते आहे हे न सांगता घरातल्या कोणाला तरी वीसेक वेळा लावायला सांगावे. तारेचा हेडफोन वापरावा. निकाल काहीही आला तरी इथेच कळवावा. आपल्या बाजूने आला तर तो मूळ लेखाच्या खाली जसाच्या तसा जोडीन.

कळावे.