लेसरच्या बादलीत मीठ टाकू नका

परवा रात्री साडेनऊला तासगावहून धाकट्या पुतण्याचा फोन आला. "काका, बादलीत हात घातला की झिणझिण्या येतात. मोटर गेली असेल का?" त्याच्याकडे ४० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं) लेसर मशीन आहे, के-४० म्हणतात ते. त्यात किरण काचेच्या ट्यूबमध्ये तयार होतो, आणि ती थंड ठेवायला बादलीतलं पाणी छोट्या मोटरने तिच्यातून फिरवतात. बेदाण्याच्या लाकडी भेटपेट्यांवर नावं कोरायचं काम त्याने यंदा पहिल्यांदाच घेतलंय. पाण्यात काय टाकलंयस, असं विचारलं तर म्हणाला, "बोअरचं पाणी, बर्फ आणि दोन मुठी खडेमीठ. ग्रुपवर आलं होतं तसंच केलं." आधी त्याला भिंतीवरचं बटण बंद करायला लावलं, मग पुढचं बोललो.

तो मेसेज मी मागवून घेतला. त्यानंतर तोच मला सांगली-मिरजेतल्या आणखी तिघांकडून आला. त्यात लिहिलंय ते असं: चिलर, म्हणजे हे पाणी थंड करणारं यंत्र, ही निव्वळ लूट, वीस लिटरची बादली आणि कूलरची मोटर पुरते. बोअरचं पाणी मुळातच थंड असतं, तेच वापरा. उन्हाळ्यात बर्फ टाका आणि बर्फ टिकावा म्हणून खडेमीठ. फ्लो स्विच (पाणी वाहत नसेल तर किरण बंद ठेवणारा) सारखा मशीन बंद पाडतो, त्याच्या दोन वायरी एकत्र पिळून टाका. आणि फारच हौस असेल तर सीडब्ल्यू-३००० घ्या, सगळ्यात स्वस्त चिलर तोच.

सुरुवात मिठापासूनच करतो, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने माणूस जाईल.

या काचेच्या ट्यूबला चालताना १५ ते २० हजार व्होल्ट लागतात. एवढा दाब असलेल्या टोकाजवळून, पातळ काचेपलीकडून थंड करायचं पाणी वाहत असतं. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहू देत नाही, म्हणून हे सगळं सुरक्षित राहतं. त्यात मीठ विरघळवलं की ते पाणी म्हणजे थेट तार झाली. ट्यूबमध्ये जायचा करंट पाण्याकडे गळतो, नळीतून बादलीत उतरतो, आणि पाणी गार झालं का बघायला कोणी हात घातला की त्या माणसातून जमिनीत जायला बघतो. पुतण्याचं झिणझिण्यांवर निभावलं. दुसऱ्या दिवशी तासगावला गेलो तेव्हा मोटरला मेगर, म्हणजे विजेची गळती तपासायचा मीटर, लावून पाहिला, तिच्यातून गळती नव्हती. सॉकेटमधली अर्थिंगची तार मात्र मागे कुठेच जोडलेली नव्हती. खारं पाणी, नसलेलं अर्थिंग आणि उघडा हात, तिन्ही एकाच खोलीत. हा मेसेज लिहिणाऱ्याने हे चित्र एकदा तरी डोळ्यांसमोर आणायला हवं होतं.

शिवाय मिठाने बर्फ टिकतो हेच मुळात खोटं आहे. मिठाने बर्फ लवकर वितळतो आणि वितळताना पाणी शून्याच्याही खाली नेतो. पॉट आईस्क्रीम करताना आपण हेच करतो, पण तिथे मीठ-बर्फ भांड्याच्या बाहेर असतो, दुधात नाही. गरम ट्यूबमध्ये असं पाणी अचानक शिरलं तर काच तडकू शकते. नाही तडकली तरी टोकावर दव धरतं. दव आणि हाय व्होल्टेज शेजारी-शेजारी आले की ठिणगी उडते, आणि लेसर बाहेर पडतो त्या काचेवर दव बसलं तर ती काच जळते.

गाडीचा कूलंट टाका असंही काहीजण सुचवतात. त्यात गंजरोधक क्षार असतात, म्हणजे दुखणं तेच. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा कूलंटचं इथे कामच काय?

आता बोअरचं पाणी. जमिनीतून येतं तेव्हा ते गार असतं, कबूल. पण तासगावच्या बोअरचं पाणी गिझरच्या कॉइलवर काय करतं ते त्या घरातल्या प्रत्येकाने पाहिलंय. तोच पांढरा थर ट्यूबच्या आत बसला की काच आणि पाणी यांच्यामध्ये उष्णता अडते, आणि तो थर बाहेरून घासताही येत नाही. पुतण्याच्या घरचं बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो तो) ८०० च्या पुढे गेलं, मीठ न घालता. म्हणजे नुसतं बोअरचं पाणीसुद्धा वीज वाहायला पुरेसं आहे. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे कॅन मिळतात, चार कॅन आणले की बादली भरते. मागताना 'बॅटरीचं पाणी' म्हणा, ॲसिडचा कॅन उचलून आणू नका. घरच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण बऱ्याच फिल्टरमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळलेले असतात, म्हणून मीटर लावून बघा. बादली काळी किंवा झाकलेली ठेवा, नाहीतर उजेडाने शेवाळ धरतं.

बादली पुरते, या म्हणण्यात अर्धं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. मी स्वतः दोन हिवाळे बादलीवरच काढले. पण 'पुरते' म्हणणाऱ्याने किती वेळ आणि कोणत्या महिन्यात, हे सांगायला हवं. हिशोब सोपा आहे. ४० वॅटचा किरण काढायला ट्यूब साधारण २७० ते ३०० वॅट वीज खाते, म्हणजे अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता पाण्यात उतरते. २० लिटर पाणी एक अंश तापायला अशा उष्णतेला साडेपाच मिनिटं लागतात. सलग तासभर पूर्ण जोराने कापलंत तर पाणी दहा-अकरा अंश चढतं. जानेवारीच्या सकाळी १८ वरून २९ वर गेलं, तर दुपारी विश्रांती देऊन चालतं. एप्रिलमध्ये सावलीत ठेवलेली बादलीच ३० च्या पुढे असते, तिथून अकरा अंश म्हणजे ट्यूबचं आयुष्य झटपट संपवणं. माझ्या ट्यूबबरोबर आलेल्या कागदावर १५ ते २५ अंश आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढं स्पष्ट छापलंय. नुसतं कोरकाम असेल तर किरण सारखा चालू-बंद होतो, तेव्हा उष्णताही कमी.

थंडावा लागतो तो कोणा विक्रेत्याच्या सोयीसाठी नाही. सीओटू लेसर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये सी. कुमार पटेल यांनी शोधला, जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं. त्या शोधाचा गाभाच असा की कार्बन डायऑक्साइडचे रेणू ऊर्जेच्या वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येताना प्रकाश देतात. वायू तापला की ती खालची पातळी उष्णतेनेच भरायला लागते आणि किरण मंदावतो. मग माणूस कोरणं फिकट आलं म्हणून करंट वाढवतो, ट्यूब आणखी तापते.

सीडब्ल्यू-३००० बद्दल मात्र मला सगळ्यात जास्त चीड आहे, कारण तो घेऊन चार ओळखीच्यांनी पैसे घालवले. त्याच्या अंगावर चिलर लिहिलेलं असलं तरी आत कॉम्प्रेसर नाही. टाकी, पंप, रेडिएटर, पंखा, संपलं. त्याच्या तपशिलात ५० वॅट प्रति अंश असा आकडा असतो, तो वाचा. पाणी खोलीच्या हवेपेक्षा एक अंश गरम असेल तर तो ५० वॅट उष्णता फेकतो. अडीचशे वॅट फेकायला पाणी हवेपेक्षा पाच अंश गरम असावं लागतं. सांगलीत एप्रिलच्या दुपारी खोलीत ३९ असेल तर पाणी ४४ वर जाऊन बसणार, त्याच्याखाली कधीच नाही. डिसेंबरात किंवा एसी खोलीत तो उत्तम. आपल्या उन्हाळ्यात रोज काम करायचं असेल तर सीडब्ल्यू-५००० घ्यावा लागतो, त्यात कॉम्प्रेसर आहे. महाग आहे, खरंच महाग आहे. पण विकत घेतल्यावर तो ठरावीक तापमानावर लावून घ्या, नाहीतर तो खोलीच्या तापमानाच्या मागे-मागे फिरतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत २० ते २२ ठीक. जुलैत तेच ठेवलंत तर ट्यूबवर दव येईल, तेव्हा २५ वर न्या.

चिलर परवडत नसेल त्याने उन्हाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या बाटल्यांत पाणी गोठवावं आणि बाटली बंदच बादलीत सोडावी. लिटरभराची एक बाटली वितळेपर्यंत २० लिटर पाणी साधारण पाच अंशांनी उतरवते. थर्मामीटर बादलीत कायम ठेवा आणि २० च्या खाली जाऊ देऊ नका. बर्फाच्या कारखान्यातला बर्फ थेट पाण्यात नको, तो कोणत्या पाण्याचा आहे हे कोण बघतं?

फ्लो स्विच पिळून टाकण्याबद्दल एवढंच, की वीज जाऊन येते तेव्हा ट्यूबमधलं पाणी खाली बादलीत उतरलेलं असतं आणि हवा अडकलेली असते. स्विच नसेल तर पाणी पोचायच्या आत किरण सुरू होतो आणि कोरडी ट्यूब तडकू शकते. तो वारंवार मशीन बंद पाडत असेल तर त्यात कचरा अडकलाय किंवा पंप कमी पडतोय. ट्यूबमधून पाणी बाहेर पडायचं तोंड वरच्या बाजूला फिरवा, म्हणजे बुडबुडे निघून जातील.

पुतण्याची बादली आम्ही त्याच दिवशी ओतून टाकली, ट्यूब तीनदा धुतली, नव्या पाण्याचा आकडा मीटरवर ४ आला. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग टाकलं, मशीनच्या मागचा अर्थिंगचा बोल्ट त्याला जोडला. कूलरची मोटर मिठाने आतून हिरवी पडली होती, ती बदलली. पेट्या तो आता पहाटे पाच ते आठ कोरतो, दोन गोठलेल्या बाटल्यांवर, आणि त्या वेळात पाणी २४ च्या वर गेलेलं नाही.