"मामा, इथं गाणं कुठं ऐकायला मिळेल?"

आज दुपारी माझी जी फजिती झाली ती लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितोय. मोठं आहे. मिसळीचा फोटो असेल म्हणून उघडलेल्यांनी पुढं जावा.

माझ्या मावसबहिणीचे जावई ठाण्याहून कोल्हापुरात आमच्याकडं आलेत, भाची आणि पाच वर्षांचं पोरगं घेऊन. शुक्रवारी रात्री स्टेशनवर उतरले तेव्हा पाऊस लागलेला, तो आज रविवार संपत आला तरी हटलेला नाही. अंबाबाई झाली. मिसळ झाली. तांबडा-पांढरा झाला, पाव्हण्यांच्या डोळ्यातनं पाणी काढून झालं. पन्हाळ्यावर गेलो तर धुकं असं, की तीन दरवाजा हात लावून दाखवला. रंकाळा गाडीच्या काचेतनं, वायपर चालू ठेवून. आज जेवणं झाली, दोन वाजले, घरातला प्रत्येकजण मोबाईलवर 'पंचगंगा किती फूट' बघत बसलेला, आणि जावईबापूंनी मला हळूच विचारलं,

"मामा, आता बाहेर काही होणार नाही. आत बसून करण्यासारखं काय आहे इथं? गाणं कुठं ऐकायला मिळेल?"

मी छाती फुगवून म्हटलं, मिळेल की! कलापूर म्हणत्यात याला.

हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडात तयार असतंय. पुढचं वाक्य कुणाकडंच नसतंय. मी तीन फोन लावले. पहिले एक जुने रसिक, वडिलांच्या वेळचे. म्हणाले, "पुढच्या महिन्यात एक बैठक आहे बघ." दुसरा फोन एका सभागृहात. पलीकडच्यानं विचारलं, "लग्न का मुंज?" मी म्हटलं, गाणं ऐकायचंय. तो म्हणाला, "मग डेकोरेशनवाल्याला विचारा, साऊंड त्याच्याकडं असतोय." तिसरा माझा शाळेतला मित्र, तबला वाजवतो, चांगला वाजवतो. "आज? असल्या पावसात? खुळा झालास काय?"

मग मी काय केलं? सांगायला लाज वाटतीय. मी त्यांना मॉलमध्ये नेलं. पोरगं जाळीवर उड्या मारत होतं, वर स्पीकरचा धबडगा, आणि ज्या माणसानं मला गाणं विचारलं होतं तो माणूस भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून, उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर फिरवत उभा होता. तानपुरा छेडल्यासारखी. मी बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

कारण गडी शिकतोय. दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारा माणूस, चार वर्षं झाली, पहाटे सहाला फोनवर तानपुरा लावून ऑनलाइन गाणं शिकतोय. आणि तेही जयपूर-अत्रौली, अल्लादियाखाँसाहेबांनी उभं केलेलं घराणं. म्हणजे आपलं. गाडीत त्यानं मला विचारलं, "अल्लादियाखाँसाहेब इथंच होते ना मामा? कुठं राहायचे?" आता मला सांगा, मंगळवार पेठेत जन्म गेलेल्या माणसाला ठाण्याचा जावई हे विचारतो आणि त्याला गाडी वळवून एक दार दाखवता येत नाही, याला काय म्हणायचं? मी म्हटलं, "जुन्या भागात." जुन्या भागात! असलं उत्तर रिक्षावालापण देणार नाही.

शाहू महाराजांनी खाँसाहेबांना दरबारात ठेवून घेतलं 1895 ला. 1922 ला महाराज वारले, मग खाँसाहेब मुंबईला गेले. सत्तावीस वर्षं. जयपूर घराण्याचं जे गाणं आज सगळीकडं मान डोलावून ऐकतात, ते इथल्या हवेत मुरलेलं आहे. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब तर इथंच राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडं शिकले. धोंडूताई कुलकर्णी आपल्या गावच्या. आणि केसरबाई केरकर! खाँसाहेबांची शिष्या. 1977 ला अमेरिकेनं व्हॉयेजर यानातनं जी तबकडी पाठवली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. ते यान पार ताऱ्यांमधल्या पोकळीत जाऊन पोचलं. आणि आम्ही पाव्हण्याला खाँसाहेबांच्या दारापर्यंत न्यायला निघालो ते मॉलच्या पार्किंगमध्ये पोचलो.

आता कुणीतरी खाली लिहिणार, देवल क्लब विसरलास काय. नाही विसरलो. देवल क्लब आहे, जुना आहे, तिथं गाणं होतं आणि चांगलं होतं, मान्य. पण खरं सांगा, तुम्ही शेवटचं कधी गेला होता? मी सांगतो माझं. चार वर्षांपूर्वी. तेसुद्धा बाहेर मित्राची वाट बघत होतो, पाऊस आला म्हणून आत शिरलो.

आत बघण्यासारखं काही नाही असंही नाही. शनिवारी नवा राजवाडा दाखवला, टाउन हॉलचं म्युझियम दाखवलं. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती तिथं आहे, पोरगं तिच्यापुढनं हलेना. म्हणालं, हा पोहायला आलेला का पंचगंगेत? पण ही सगळी बघायची कामं झाली. जावयांनी ऐकायचं विचारलं होतं.

मला राग कशाचा येतोय सांगू? आपण पाव्हण्याला फक्त खायला घालतो. पाव्हणा आला की कुठली मिसळ, कुठला कटवडा, कुठल्या खानावळीचा रस्सा यावर आपली घराघरांत भांडणं लागतात. 'नाद खुळा' लिहून रील टाकायचा, वर कुठलंतरी दणदणीत गाणं चिकटवायचं. पोट भरलं, चप्पल घेतली, पाव्हणा गेला. (मान्य, त्या रीलवर हॉटेलवाल्यांचं चालतं आणि त्यात माझा भाचापण आहे. तरीपण.)

आणि गाण्याचं शहर म्हणवणाऱ्यांनी गणपतीत काय चालवलंय ते बघा. विसर्जनाला महाद्वार रोडवर उभं राहिलं की छातीतलं हाड हलतंय. खिडकीच्या काचांना चिकटपट्टी लावून बसतात म्हातारी माणसं. शाहीर पिराजीराव सरनाईकांचं गाव हे. डफावर थाप पडली की पेठ जमायची, त्या गावात आता पेठ जमते ती बेसवर. आमच्या तालमीचापण असतो तो. वर्गणी मीपण देतो. नाही दिली तर गल्लीत राहायचं कसं?

असो. डोकं जरा तापलं. चहा घेऊन आलो.

तर मॉलमधनं परत येताना मुद्दाम खासबागेवरनं गाडी घेतली. म्हटलं बाहेरनं तरी दाखवू. पाऊस धो धो. काच खाली करून मी त्यांना केशवराव भोसले नाट्यगृहाकडं बोट केलं. शाहू महाराजांनी 1915 ला बांधलेलं पॅलेस थिएटर. ज्या पोराला इथल्या मातीनं गायला शिकवलं, जो बालगंधर्वांच्या तोडीला उभा राहिला आणि 1921 ला एकतीस वर्षांचा असताना गेला, त्याचं नाव नंतर दिलं त्याला. माझे वडील सांगायचे, शेवटच्या रांगेत बसलं तरी गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायचा. वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. संध्याकाळी अडतीवरनं थेट बैठकीला जायचे, अंगाला गुळाचा वास तसाच. आई म्हणायची, मुंगळे लागतील गवयाला.

2024 च्या 8 ऑगस्टची रात्र. मी त्या रस्त्यावर होतो. नाट्यगृहाला आग लागलेली, छपरातनं ज्वाळा बाहेर येत होत्या आणि माझ्या शेजारी एक नाटकवाला, पन्नाशीचा माणूस, लहान पोरासारखा रडत होता. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. काय बोलायचं यावर.

जावई गाडीत गप्प होते. मग म्हणाले, "मामा, तुम्ही इथं कुणाचं गाणं ऐकलंय?" मी नावं सांगायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मी वडिलांनी ऐकलेली नावं सांगतोय. गोविंदराव टेंब्यांची पेटी, प्रभात फिल्म कंपनीचे दिवस. 1929 ला प्रभात इथं निघाली, 1932 चा 'अयोध्येचा राजा' इथं झाला, टेंब्यांचं संगीत आणि तेच हरिश्चंद्र. सुधीर फडके इथं जन्मले. लताबाई मास्टर विनायकांच्या कंपनीत इथं होत्या. सगळं पाठ आहे. स्वतःच्या कानानं ऐकलेलं किती, तर बोटावर मोजण्याइतकं. पाव्हण्यानं साधं विचारलं होतं, गाणं कुठं ऐकायला मिळेल, आणि मी त्याला इतिहास वाढत होतो. शिळा.

घरी आलो तर लाईट गेलेली. बायको म्हणाली, अहो, नाहीतरी बसलाय, माळ्यावरचं ते काढा की. ते म्हणजे वडिलांचा तानपुरा. मिरजेचा. वडिलांनी हप्त्यानं घेतलेला. अकरा वर्षं गवसणीत होता. वडील गेले त्यानंतर एकदा दसऱ्याला हळदकुंकू वाहून मी तो वर ठेवला, तो ठेवलाच.

काढला. गवसणीला ओलीचा वास. भोपळ्यावर एक बारीक चीर होती, ती जुनी, माझ्याच हातनं क्रिकेट खेळताना पडलेली. वडिलांनी मारलं नव्हतं, फक्त दोन दिवस बोलले नव्हते. पंचमाची तार तुटून गुंडाळी होऊन पडलेली. खर्जाची खुंटी पावसानं फुगून अशी बसलेली की हलेना. जावईबापूंनी आमच्या घरचा खडू मागितला, बायकोच्या शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा मागितला. मांडी घालून बसले. मेणबत्तीच्या उजेडात दोरा तारेखाली, घोडीवर, केसभर पुढं, केसभर मागं. मी टॉर्च धरून. दहा मिनिटं तार नुसती ठक ठक वाजत होती, डब्यावर चमचा मारल्यासारखी. मग दोरा कुठंतरी बरोबर जागी आला आणि एकदम तार उघडली. झाँऽऽ करून. खोलीभर. बायको स्वयंपाकघरातनं बाहेर आली.

मी त्या आवाजात मोठा झालोय. पुढचं लिहीत नाही.

पंचम नव्हता म्हणून जावयांनी फोनवरचा तानपुरा बारीक आवाजात जोडीला लावला. म्हणाले, "मामा, मला फार येत नाही, हसू नका." आणि गौड मल्हार गायले. पंधरा-वीस मिनिटं. येतं फार असं नाहीच, दोनदा तान अर्ध्यात सोडली, एकदा खोकला आला. पोरगं मांडीवर झोपलं. मध्येच वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातनं खाली आल्या, दार उघडंच होतं, आत डोकावून हळू आवाजात मला विचारतात, "अहो, कोण गेलं का?"

म्हटलं नाही हो काकू, गाणं चाललंय. बसा.

बसल्या. चप्पलच्या स्टँडशेजारचं स्टूल ओढून, पदर खोचून. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "लाईट आली तरी लावू नका अजून जरा वेळ."

एवढं सगळं माझ्या माळ्यावर होतं आणि मी मॉलमध्ये तिकीट काढत होतो. दुपारी फोन लावलेल्या त्या तिघांवर मघाशी चिडलो होतो, तो राग आता तेवढा राहिला नाही. मित्रानं नंतर मेसेज केलाय, "पाव्हणं अजून हायत का? उद्या तबला घेऊन येऊ?" पाव्हणं उद्या सकाळच्या गाडीनं चाललेत. तरी ये म्हटलंय.

कुणाच्या माळ्यावर, कपाटावर, पलंगाखाली असं काही पडलं असेल तर खाली लिहा. पेटी, तबला, दिलरुबा, काहीपण. फुटकं चालेल. मी बुधवारी मिरजेला जातोय, सतारमेकर गल्लीत. तार टाकायची आहे आणि ती चीर दाखवायची आहे. गाडीत चौघांची जागा होती, पण मागच्या सीटवर तानपुरा आडवा झोपणार, तेव्हा एकच जागा आहे. ज्याला यायचंय त्यानं आजच सांगा, आणि गाडीत बसल्यावर मिसळीचा विषय काढायचा नाही.