वाघ दिसला का?

आज मानेवाड्याला एका साक्षगंधाला गेले होते. जेवताना नात्यातल्या एका भाऊजींनी माझ्या मोबाईलमधले नामदफाच्या जंगलाचे फोटो पाहिले. पाहिले कसले, भराभर सरकवले. "वाघ कुठाय?" दिसला नाही म्हटलं तर म्हणाले, "मंग काहून गेली बाप्पा एवढ्या दूर? तेवढ्या पैशात चारदा ताडोबा झालं असतं." पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय.

दिसला नाही वाघ. पण त्या जंगलात मी एक धनेशाचं (हॉर्नबिल पक्ष्याचं) झाड पाहिलं.

नामदफा अरुणाचलच्या पूर्व टोकाला, म्यानमारच्या हद्दीला लागून आहे. 1985 चौरस किलोमीटर. पायथा समुद्रसपाटीपासून 200 मीटरवर आणि दाफा बुम शिखर 4571 मीटरवर. खाली सदाहरित वर्षावन, वर बर्फ! देबानच्या विश्रामगृहापासून नावेने नोआ-दिहिंग नदी ओलांडायची आणि पुढे पायी. जिप्सी नाही, गेट नाही, "सायटिंग" नाही. होलाँगची झाडं एवढी सरळसोट वर गेलेली, की शेंडा पाहायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. ओल, अंधार, पायाला जळवा. आपल्या साग-बांबूच्या मोकळ्या जंगलात वाढलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काही म्हणजे काही दिसत नाही. सकाळी हुलॉक गिबनची हाक ऐकू येते, भारतातला एकमेव कपी तो (शेपटीवालं माकड नव्हे, बिनशेपटीचा 'एप'). नर काळा, मादी भुरी, दोघं मिळून ओरडतात. आवाज अख्ख्या दरीत फिरतो, प्राणी मात्र क्वचितच नजरेस पडतो.

तर ते झाड. आमच्यासोबतचा लिसू जमातीचा वाटाड्या चालता चालता थांबला, खाली बसला आणि काडीने पाचोळा बाजूला केला. खाली बियांचा थर, त्यातून वर आलेली बोटभर रोपं. मग त्याने वर बोट दाखवलं. खोडात उंचावर एक उभी फट. आत महाधनेशाची मादी. ढोलीचं तोंड विष्ठेने लिंपून ती स्वतःला कोंडून घेते, पिल्लासाठी तीन-चार महिने. नर तेवढ्या फटीतून फळं भरवतो. बिया खाली पडतात, दूरवरही जातात, आणि जंगल उगवतं.

मी कॅमेरा काढला. त्याने हाताने खाली करायला लावला. लांब नेऊन बसवलं आणि थोड्या वेळाने चला म्हणाला. आपण इथे असलो तर नर येणार नाही, ती उपाशी राहील. बस, एवढंच.

आणि आपण? 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट गाड्यांनी अडवली. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आई पिल्लं घेऊन चाललीय आणि आपण पुढून-मागून गाड्या लावतो! लाज वाटायला हवी राजेहो. पैसे भरले म्हणजे वाघ दाखवलाच पाहिजे, ही मस्ती आली कुठून?

हो, वाघामुळेच ताडोबा टिकलं आणि आसपासच्या गावांना रोजगार मिळाला, मान्य. नामदफालाही व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा 1983 पासून आहेच. पण एक उडणारी खार आहे, तिचं नावच नामदफावरून पडलंय. 1981 मध्ये तिथे मिळालेल्या एका नमुन्यावरून ती जगाला कळली. तिच्यासाठी कोण तिकीट काढणार? आणि ती जिथे राहते ते झाड तुटलं, तर कोणत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हळहळ होणार?

भाऊजींवर राग नाही खरं तर. माणूस चांगला आहे, पोरीच्या लग्नात रात्रभर आमच्यासाठी राबला होता. त्यांना कुणी ते झाड दाखवलंच नाही. आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर राखी धनेश आहे, तोही मादीला असाच ढोलीत भरवतो. मी त्यांना नेणार आहे. कॅमेरा घरी ठेवायला लावून.

ज्यांना नामदफाला जायचंय त्यांनी मेसेज करा. इनर लाइन परमिट आधी काढा, मियाओपर्यंत गाडी मिळते, पावसाळ्यात चुकूनही जाऊ नका. आणि वाटाड्या थांब म्हणाला तर थांबा, निघ म्हणाला तर निघा. ज्यांना फक्त वाघच पाहायचाय त्यांनी मला विचारू नये.