जाता जाता वायसर

घर विकायचं ठरलं की माणसाला आपलंच घर पहिल्यांदा दिसतं. ज्या नळाखाली बादली सरकवून आपण वर्षानुवर्षं झोपत आलो, तो ठिबकतो आहे हे आत्ता लक्षात येतं. मग दहा-वीस रुपयांचा वायसर येतो, तोही उद्या तिथे अंघोळ करणाऱ्या परक्यासाठी. (पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर वायसर शोधू नका. त्यात स्पिंडल, म्हणजे आतला फिरणारा दांडा, बदलतात.)

एकदा वायसर बसला की हात शिवशिवतात. बायकोला ओट्याचा कडप्पा खटकू लागतो, मेव्हण्याला फॉल्स सीलिंग सुचतं आणि एजंट म्हणतो, "साहेब, थोडं चकाचक करा, पाच लाख जास्त सांगतो." सांगतो म्हणाला, मिळवून देतो म्हणाला नाही, हे ऐकून ठेवावं. तुमच्या आवडीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. तुमच्या ओलीचे मात्र कापून घेतं.

म्हणून आधी ओल. रंगारी बोलावण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. फक्त पावसाळ्यात भिंत ओली होत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा नाहीतर गच्ची. बारा महिने असेल तर नळाची लाइन किंवा बाथरूमची जमीन. जमिनीची परीक्षा सोपी आहे. नहाणीतल्या पाणी जायच्या भोकात ओल्या फडक्याचा बोळा कोंबा, उंबऱ्याच्या आत राहील इतकं इंचभर पाणी भरा, पेन्सिलीने खूण करा आणि 24 तास कुणालाही अंघोळीला जाऊ देऊ नका. यातलं शेवटचं कलम सगळ्यात अवघड. छतातून येत असेल तर हीच परीक्षा वरच्या मजल्यावर करायची असते आणि वरचे काका सांगतात, "आमच्याकडे काहीच गळत नाही." खरंच नसतं गळत. पाणी खाली येतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे) पावसाच्या आणि बाहेरच्या सामाईक पाइपांच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, फ्लॅटमधल्या संडास-सिंकच्या गळतीचा ज्याच्या त्याच्या खिशातला. काकांना हे चहा पाजून सांगावं.

गळती थांबली तरी भिंत लगेच वाळत नाही. प्लास्टरला काही आठवडे लागतात आणि रंगारी तर उद्याच मोकळा असतो. ओल्या भिंतीवर पुट्टी चढली की पाण्याबरोबर येणारे क्षार तिच्यामागे साठून तिला ढकलतात, आणि गिऱ्हाइकाच्या कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर नेमका यायच्या आठवड्यात पोपडे पडतात. भिंत वाळली का ते बघायला तिच्यावर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला थेंब दिसले तर रंगाऱ्याला पुढची तारीख द्या. तिथे कपाट सरकवणं हा उपाय नव्हे. गिऱ्हाइकाबरोबर आलेली मावशी पहिल्यांदा कपाटामागेच बघते.

रंग पांढरट द्या, आणि डाग पुसायचा म्हणून चौकोनी तुकडा रंगवू नका. डब्यावर तोच नंबर असला तरी जुना रंग उतरलेला असतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या. किती रंगवायचं याच्या हिशोबाला कार्पेट एरियाची साडेतीनपट धरतात. 600 फुटांचं घर म्हणजे 2,100 चौरस फूट. एका लिटरात दोन हात साधारण 70 फूट होतात, म्हणजे 30 लिटर. रंगारी 45 म्हणाला तर उरलेले 15 कुणाच्या घराला लागणार हे विचारू नये. पण आपल्याला कळलेलं असावं.

बाकी किरकोळ: कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल, मेलेली बटणं, आणि डीबीतल्या (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतल्या) आरसीसीबीचं, म्हणजे शॉकपासून वाचवायला वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघणं. बाल्कनी खोलीत घेतली असेल तर ओट्याला ग्रॅनाइट वगैरे विसरा, आधी तिचं बघा. व्हॅल्युअर मंजूर नकाशा उघडून बसतो आणि गिऱ्हाइकाचं कर्ज तिथेच अडतं.

ओट्याला हात लावूच नका. तुम्ही दोन लाखांचं मॉड्युलर किचन बसवलंत, की नवा मालक वास्तुवाल्याला घेऊन येतो आणि शेगडी आग्नेयेला न्यायची म्हणून पहिला हातोडा तिथेच पडतो.

वाळवी मात्र लपवू नका, औषध मारलं असलं तरी सांगा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, याच्या 55व्या कलमाप्रमाणे, खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष तुम्हाला माहीत असेल, तर तो उघड करणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

राहिली हॉलच्या मधोमध तडकलेली फरशी. ते डिझाइन आता दुकानात मिळत नाही. फ्रिजखालच्या दोन सोडवा, कारण एक काढतानाच फुटते. चांगली हॉलमध्ये लावा, तडकलेली फ्रिजखाली. दुसऱ्या खड्ड्यात कुठलीही जवळच्या रंगाची चालते. फ्रिज सरकवून बघणं साधारण काळजीत मोडतं का, ते तेवढं वकिलाला विचारून घ्या.