सत्काराची शाल नंतर, आधी दाखल्यांची फाइल

तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात 52 किलो गटात कांस्यपदक मिळवलं. तेव्हापासून बेळगाव तालुक्यात महिला दिनाच्या भाषणांत तिचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. मात्र त्या पदकामागचं खरं कारण कुणी सांगत नाही. आशियाई स्पर्धेत कुराश त्याच वर्षी पहिल्यांदा आलं. त्यात जमिनीवरची झटापट नसते, उभ्यानंच प्रतिस्पर्ध्याला फेकायचं असतं. ज्युदोत वर्षानुवर्षं फेकी घोटलेली मुलगी तयार होती, म्हणून नवी संधी येताच तिला ती घेता आली.

आपल्याकडच्या कितीतरी मुलींना पोलिसाची वर्दी हवी आहे. त्यांचं घोडं अडतं ते नेमकं इथंच. भरतीची जाहिरात पडल्यावर तयारी सुरू होते.

सीमाभागातल्या मराठी मुलीला कर्नाटकाची भरती तर आहेच. शिवाय महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्राच्या नोकरभरतीतही अर्ज करता येतो. त्यासाठी या गावांत 15 वर्षं वास्तव्य असल्याचा दाखला लागतो, आणि तोही विहित नमुन्यातच. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळणाऱ्या रहिवासी दाखल्याचा मजकूर वेगळा असतो. तोच जोडून मोकळं झालात तर कागदपत्र पडताळणीत अडकाल. जुन्या जाहिरातीतला नमुना छापून घ्या, गाव यादीत आहे का बघा आणि तहसीलदार कार्यालयात आत्ताच चौकशी करा. जाहिरात आल्यावर धावपळ करून हा कागद वेळेत हाती येईल याची खात्री नाही.

नावाचा घोळ याहून वाईट. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर बऱ्याचदा नाव आणि नुसती आद्याक्षरं, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण, दाखल्यावर कन्नडातून इंग्रजीत आलेलं तिसरंच स्पेलिंग. लग्न झालेलं असेल तर चौथं नाव. एसएसएलसीचं मार्क्स कार्ड पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या.

दोन्ही राज्यांची परीक्षा एकसारखी समजू नका. अलीकडच्या भरत्यांत महाराष्ट्रात मैदानी चाचणी आधी होते आणि तिचे 50 गुण असतात: 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15, 4 किलोच्या गोळ्याला 15. पूर्ण गुण हवे असतील तर 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत, 100 मीटर 14 सेकंदांत, गोळा 6 मीटर. मग 100 गुणांची लेखी, त्यात मराठी व्याकरणही. कर्नाटकात लेखी आधी असते आणि मैदानी चाचणी फक्त पात्रतेपुरती, त्यात 400 मीटर धावणं. उंचीही वेगळी लागते, महाराष्ट्रात 155 सेंमी तर कर्नाटकात 157. म्हणजे महाराष्ट्रासाठी पाय आधी तयार हवेत, कर्नाटकासाठी अभ्यास. नवी जाहिरात आली की तिच्यातले आकडेच खरे धरा.

800 मीटरमध्ये मुली मागं पडतात त्या सुरुवातीच्या घाईमुळं. पहिले 200 मीटर जीव तोडून पळायचं आणि 500 ला पाय जड. 2.50 चं लक्ष्य असेल तर प्रत्येक 200 मीटर साधारण 42 सेकंदांत बसलं पाहिजे. घड्याळ लावूनच सराव करा, तोही मातीच्या मैदानावर. रोज डांबरी रस्त्यावर पळून नडगी दुखायला लागते आणि महिना वाया जातो. गोळा मानेला लावून ढकलायचा असतो. चेंडूसारखा फेकला तर कोपर जातं आणि फाऊलही मिळतो. ताकद मांडीतून आणि कमरेतून येते, म्हणून बैठका चुकवू नका.

दम लागतोय, चक्कर येतेय म्हणून पोरीला आळशी ठरवणाऱ्या घरांचा मला राग येतो. आधी तिचं हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, डॉक्टरांना दाखवून गोळ्या सुरू करा. जेवणाबरोबर चहा नको, चहामुळं लोह अंगी लागत नाही. उसळीवर लिंबू पिळा.

आणि कन्नड. भाषेचा अभिमान मनात पक्का असू दे, पण कर्नाटकात नोकरी करायची तर कन्नड अर्ज, कन्नड तक्रार वाचता-लिहिता आलीच पाहिजे. रोज एक कन्नड वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं तरी पुष्कळ फरक पडतो.

जाण्या-येण्याच्या खर्चाचं कारण आता पालकांनी सांगू नये. जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसमधून मुलींचा प्रवास फुकट आहे. खानापूर किंवा निपाणीहून बेळगावला क्लासला येता येतं. फक्त कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा, आणि लांब पल्ल्याची गाडी असेल तर ती योजनेत बसते का हे चढण्याआधी कंडक्टरला विचारा.